कोयता एक, हात चार, हिशेब कोणाचा?

धुळे-सोलापूर हमरस्त्याने बीडहून दक्षिणेकडे निघालात, की मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी बालाघाटाच्या माथ्यावर येते आणि पुढे चौसाळा लागते. बीड तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. २००९ पूर्वी या गावाच्या नावाने विधानसभेचा मतदारसंघही होता. आजूबाजूचा मुलूख डोंगराळ, जमीन हलकी, मुरमाड. पाऊस येतो तेव्हा येतो, नाही तर हुलकावणी देऊन जातो. दसरा सरला, दिवाळी तोंडावर आली, की या रस्त्यावर दरवर्षी एकच देखावा दिसतो. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत पिठाची पोती, चार भांडी, ताडपत्री, बांबू, एखादी शेळी, आणि त्या साऱ्यावर बसलेली माणसे. कडेवर तान्ही मुले, खुरपे-कोयते पोत्यात गुंडाळलेले. ही मंडळी ऊसतोडीला निघालेली असतात.

वाचकहो, तुम्ही बीड जिल्ह्यातले असाल तर म्हणाल, यात नवल ते काय? हे तर आमच्या आज्यापणज्यापासून चालले आहे. नवल नाही हे खरेच. पण एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. एकाच शिवारातली, एकाच पावसावर जगणारी घरे. मग त्यांतले एक घर ट्रॉलीत का बसते आणि दुसरे ओसरीवरून तिला निरोप का देते? जी जातात त्यांच्यातही एकाच्या हाती हंगामाअखेर चार पैसे का उरतात आणि दुसऱ्याच्या अंगावर बाकी का राहते? नशीब म्हणून हा विषय सोडून देता येतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर नशिबाच्या मागे बऱ्याच गोष्टी उभ्या असलेल्या दिसतात. आज त्याच आपण पाहू.

एका शिवारातली चार घरे

बालाघाटावरच्या कोणत्याही गावात चार तऱ्हेची घरे सापडतात. पहिल्या घराला विहीर आहे, तिला पाणी आहे, आणि घरातला एक जण पगारावर आहे. शाळेत म्हणा, बँकेत म्हणा, एस.टी.त म्हणा. दुसऱ्या घराला तीन-चार एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. खरिपाला सोयाबीन, कापूस, तूर निघाली की पुढे सहा महिने रानात करण्यासारखे काही उरत नाही. तिसऱ्या घराला जमीनच नाही, किंवा आहे ती गायरानातली, सात-बारावर नाव नसलेली. चौथे घर शेतीवर फारसे नाही; ते शिलाईवर, बांगड्यांवर, गॅरेजवर, फळांच्या हातगाडीवर चालते.

आता या चार घरांना गावातल्या आळ्यांची नावे लावून पाहा. कोणती आळी कोणत्या घरात जास्त, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पहिल्या घरात सगळ्याच जातींचे थोडे थोडे लोक असतील, पण पाण्याची जमीन पूर्वीपासून ज्यांच्याकडे होती त्यांचा भरणा अधिक. दुसऱ्यात वंजारी, मराठा, धनगर अशी कोरडवाहू कुणबिकीवरची माणसे. तिसऱ्यात बौद्ध, मातंग, लमाण तांड्यावरचे, पारधी. चौथ्यात मुसलमान आणि जुने बलुतेदार कारागीर. अपवाद पुष्कळ आहेत. तरीही गावाचा नकाशा आणि कमाईचा नकाशा एकमेकांवर ठेवले, तर ते बरेचसे जुळतात.

ही एकट्या चौसाळ्याची किंवा बीडची गोष्ट नव्हे. २०११ च्या खानेसुमारीत देशातल्या दर १०० कामकऱ्यांत सुमारे ३० शेतमजूर होते आणि २५ स्वतःची शेती कसणारे. अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांत मात्र शेतमजूर ४६ च्या जवळ आणि शेती कसणारे १५. २०१५-१६ च्या कृषिगणनेत या जातींकडे देशातली सुमारे १२ टक्के खाती होती, पण क्षेत्र ९ टक्क्यांच्या आतच. म्हणजे जमीन आहे तीही तुकड्यांची. मुसलमान समाजाबद्दल सच्चर समितीने २००६ साली सांगितले ते असे, की त्यांच्यात स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त आणि नियमित पगारावरचे कमी. हमरस्त्यावरच्या कुठल्याही गावात पंक्चरच्या दुकानापाशी दोन मिनिटे थांबले, तरी हे पटते.

जमिनीचे वाटे

सगळ्याचे मूळ जमिनीत आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५० साली हैदराबाद राज्यात कुळकायदा झाला आणि कसणाऱ्या अनेक कुळांना पुढे जमिनी मिळाल्या. पण कूळ म्हणून ज्याचे नाव लागले होते, त्याला. जो सालगडी होता, ज्याचे पोट बलुत्यावर आणि रोजावर होते, त्याच्या हाती कुळकायद्याने फारसे काही पडले नाही. त्याला आधार होता तो गायरानाचा आणि पडीक जमिनीचा. मराठवाड्यात भूमिहीनांनी अशा जमिनी वर्षानुवर्षे कसल्या, दगड वेचून काढले, बांध घातले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातर्फे गायरानाचा प्रश्न लावून धरला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली केला. तरी कागद हाती न पडलेली घरे अजून आहेत, आणि सात-बारा नाही तिथे पीककर्ज नाही, विमा नाही, विहिरीचे अनुदान नाही.

दुसरीकडे ज्याला जमीन होती, त्याची तरी काय अवस्था झाली? आजोबांना वीस एकर, चार मुलांत पाच-पाच, नातवंडांत दोन-अडीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच भारतातल्या लहान शेतांवर लेख लिहून सांगितले होते, की शेतावर माणसांचा भार जास्त झाला आहे आणि त्यातल्या पुष्कळांना शेतीबाहेर काम मिळाल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही. शंभर वर्षे उलटली. शेतीबाहेरचे काम बालाघाटावर आले नाही. माणसेच कामाच्या शोधात खाली उतरली. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी गत झाल्यावर ज्याला पाटील म्हणून गाव ओळखत होते, त्याचा नातूही कोयता घेऊन निघालेला दिसतो. म्हणून आज ट्रॉलीत बसणारा एकाच जातीचा राहिलेला नाही. फरक आहे तो पुढे, फडात.

गाडीवाला आणि डोकीवाला

ज्यांनी फड पाहिलेला नाही, अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट सोलते, वाढे छाटते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन वाहनात टाकते. मजुरी टनावर मिळते, दिवसावर नाही. पाऊस पडला, कारखान्याचे मशीन बंद पडले, वाहन आले नाही, तर त्या दिवसाची कमाई शून्य.

आता यात दोन मोठे प्रकार. ज्याच्याकडे बैलजोडी आहे तो बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेतो. त्याला तोडणीची मजुरी मिळते आणि वाहतुकीची वेगळी. बैलांना उसाचे वाढे खायला मिळतात, उरलेले वाढे विकून घरखर्चाला रोजचे चार पैसेही सुटतात. दुसरा प्रकार डोकी सेंटरचा. तिथे ट्रक-ट्रॅक्टर भरायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचे. मिळते ती तोडणी-भरणीची मजुरी. वाहन रात्री दोनला आले तर रात्री दोनला भरायचे.

म्हणजे बैलजोडी घेण्याइतकी ऐपत असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याची एक कमाई आणि बैल नसलेल्या भूमिहीनाची दुसरी, ही पायरी फडातही सुटत नाही. बैलवाल्यालाही धास्ती असते. बैल दगावला तर लाखाच्या घरातला ऐवज एका रात्रीत जातो, आणि टायरगाडी कारखान्याची असेल तर तिचे भाडे कापले जाते. पण हंगाम संपल्यावर बैल विकून उभे राहता येते. डोकीवाल्याकडे विकायला पुढच्या हंगामाच्या घामाशिवाय काही नसते.

उचलीचे गणित

हा घाम तो आधीच विकून बसलेला असतो. यालाच ‘उचल’ म्हणतात. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, बियाणे, जुने देणे, यांसाठी पावसाळ्यातच मुकादमाकडून रक्कम घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. आता आपण प्रत्यक्ष आकडे मांडू. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरवली, तीन वर्षांसाठी. टनाला साधारण २७३ रुपये होते, ते ३६६ च्या घरात गेले.

उदाहरणादाखल एक जोडी धरा. दिवसाला दोन टन तोडते. ही चांगल्या, धडधाकट जोडीची गोष्ट आहे. दिवसाचे झाले ७३२ रुपये. आजारपण, पाऊस, वाहनाची खोटी वजा जाता हंगामात १२० दिवस काम झाले असे धरू. २४० टन ऊस आणि मजुरी ८७,८४० रुपये. उचल घेतली होती १ लाख. म्हणजे चार महिने फडात राबून घरी परतताना अंगावर १२,१६० रुपये बाकी. ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते, आणि पुढच्या वर्षी याच मुकादमाकडे जाणे आले. फडावरचा किराणा, दवाखाना, मोबाईलचे रिचार्ज यांसाठी मध्येच जो खर्च म्हणून घेतला, तो यात धरलेलाच नाही.

आता दुसऱ्या बाजूने भागाकार करा. ७३२ रुपये दोघांचे, म्हणजे माणशी ३६६. पहाटे चारला उठून दिवस मावळेपर्यंत बारा तास धरले, तर तासाला तीस रुपयांच्या थोडे वर. रात्रीची भरणी यात मोजली, तर तेवढेही नाहीत.

आणि मुकादम? त्याला कारखाना मजुरीवर सुमारे २० टक्के कमिशन देतो. वरच्या जोडीमागे १७,५६८ रुपये. दहा कोयत्यांचा मुकादम असेल तर १ लाख ७५ हजारांवर. मुकादमाला सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही. तोही बहुधा आपल्याच गावचा, कालपर्यंत कोयता चालवलेला असतो. उचल घेऊन एखादी जोडी पळाली तर कारखाना आणि वाहनमालक त्याच्याच गळ्याला लागतात, त्यात मुकादमांची घरे बुडालेलीही आहेत. पण उचल वाटण्याइतकी पत कोणाकडे असते? ज्याला थोडी जमीन आहे, भाऊबंदकी मोठी आहे, कारखान्याच्या शेतकी खात्यात ओळख आहे, त्याच्याकडे. म्हणून मुकादम व्हायची पायरी सगळ्या आळ्यांना सारख्या उंचीची नसते. आणि उचलीचा आकडाही सगळ्यांना सारखा नसतो. ज्याला घरी चार दिवस थांबायची ताकद आहे तो दोन मुकादमांकडे विचारून घासाघीस करतो. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही, तो पहिल्याने दिले तेवढ्यावर अंगठा करतो.

बाईचा वाटा

इतका वेळ आपण ‘जोडीची मजुरी’ म्हणालो. ती हातात कोणाच्या पडते? उचल पुरुषाच्या नावावर, हिशेबाची वही मुकादमाकडे, आणि सही नवऱ्याची. चार हात राबले, खाते एकाचे. बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवते, भाकरी थापते, पाणी आणते, मग फडात नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहते, आणि रात्री कोपीत परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. एवढे करून वर्षअखेर ‘तिची कमाई किती?’ असे विचारले, तर घरात कोणाला आकडा सांगता येत नाही.

गावात राहणाऱ्या मजूर बाईचा आकडा निदान कळतो, पण तो पुरुषापेक्षा कमी. ग्रामीण भागातल्या रोजंदारीत बाईची दिवसाची कमाई पुरुषाच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास भरते, असे सरकारी पाहण्या सांगतात. कारण काय, तर ‘बाईचे काम हलके’. आता हेच पाहा ना, कापूस वेचणी किलोवर देतात. तिथे बाई पुरुषापेक्षा जास्त वेचते आणि जास्त मिळवते. खुरपणीला मात्र रोजावर बोलावतात आणि तिथे कमी देतात. म्हणजे काम मोजले की बाई मागे पडत नाही. न मोजता ठरवले की मागे पडते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ सालीच झाला होता. पण बांधावर रोज ठरवताना कायदा आठवतो कोणाला?

याची सर्वांत मोठी किंमत बाईच्या शरीराने मोजली आहे. फडात एक दिवस खाडा पडला तर दंड लागतो. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, बाळंतपणानंतर विसावा नाही. दुखणे अंगावर काढायचे, आणि मग कोणी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका म्हणजे कटकट संपली. ही गोष्ट २०१९ साली देशभर गाजली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. भगिनींनो, एकदा काढलेली पिशवी परत बसत नाही, आणि तरुणपणी ती काढली तर हाडे ठिसूळ होण्यापासून अनेक दुखणी लवकर मागे लागू शकतात. असा सल्ला मिळाला, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

बहात्तरच्या दुष्काळाने दाखवलेली गोष्ट

मजुरी जातीवर आणि बाई-पुरुषावर ठरली नाही तर काय होते, हे आपल्या मुलखाने एकदा पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. महाराष्ट्रभर पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना मिलोची तांबडी ज्वारी आणि सुकडी अजून आठवते. त्या कामांवर पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई शेजारी शेजारी खडी फोडत बसल्या. खडीचे माप एक, दर एक. बाईच्या खडीला कमी आणि पुरुषाच्या खडीला जास्त, असे नव्हते.

वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ज्या योजनेचा प्रयोग करून पाहिला होता, तीच ही रोजगार हमी योजना. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन तिचा खर्च भागवला गेला. पुढे २००५ साली केंद्राने देशभर १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. या कामांत दोष पुष्कळ निघाले. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्महिने तुंबली. पण जिथे काम वेळेवर निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तिथे गावातल्या मोठ्या शेतकऱ्यालाही रोज वाढवून द्यावा लागला, कारण मजुराला ‘नाही’ म्हणण्याची सोय झाली. घासाघीस करायची ताकद कुठून येते, ते यावरून कळावे. ऊसतोडीचा लोंढा याच दुष्काळानंतर वाढला, हेही लक्षात ठेवा. गावात बारमाही काम मिळते, तर इतकी माणसे ट्रॉलीत चढली नसती.

पगाराची वाट

कमाईतला सर्वांत मोठा फरक मात्र मजुरी आणि मजुरी यांच्यात नाही. तो मजुरी आणि पगार यांच्यात आहे. पगारदाराला महिन्याच्या महिन्याला ठरलेले पैसे, आजारपणाची रजा, म्हातारपणाची काहीतरी सोय. त्याच्या दारात मुकादम येत नाही. म्हणून ज्या समाजाने पगाराची वाट धरली, तो एका पिढीत बदलला. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरे पत्र्याची पेटी घेऊन तिथे गेली आणि शिक्षक, कारकून, अधिकारी होऊन निघाली. आरक्षणाने दार उघडले, शिक्षणाने आत नेले. त्याच घरांच्या शेजारी जी घरे मागे राहिली, ती अजून डोकी सेंटरला जातात. एकाच आळीत दोन टोके दिसतात ती अशी.

वंजारी समाजातही गेल्या दोन पिढ्यांत हेच घडले आहे. कोयत्याच्या पैशातून पोरगा शिकवला, तो फौजदार झाला, डॉक्टर झाला, अशी उदाहरणे बीड जिल्ह्यात गावोगाव भेटतात. कोरडवाहू मराठा कुटुंबांना आज जी अस्वस्थता आहे, तिचेही मूळ इथेच सापडेल: जमीन तुटली, पगार हाती लागला नाही. तांड्यावरच्या आणि पारध्यांच्या मुलांपर्यंत तर ही वाट अजून नीट पोचलेलीच नाही. पारध्यांवरचा जन्माने गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की संशय अजून त्यांच्याच पालावर जातो. अशा माणसाला कायमच्या कामावर ठेवायला कोण तयार होणार?

आरक्षण कोणाला किती, हा वाद इथे उकरायचा नाही. तो न्यायालयात आणि विधिमंडळात चालू राहील. एवढेच ध्यानात असू द्या, की एका फडात शेजारी शेजारी कोपी बांधणाऱ्या दोन जातींच्या माणसांचा टनाचा भाव एकच असतो, आणि तो वाढला तर दोघांचा वाढतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळात कोयते बंद ठेवून दरवाढ मिळाली, ती सगळ्या जातींचे कोयते एकदम बंद राहिले म्हणून.

आता फडात ऊसतोडणी यंत्रेही आली आहेत. एक यंत्र कित्येक कोयत्यांचे काम करते. ते विकत घेणारा कोणी पैसेवाला असेल, आणि काम जाईल ते डोकीवाल्याचे आधी. म्हणून पुढच्या पिढीला दुसरे काही हाती असणे ही चैन राहिलेली नाही.

घरात बसून करायच्या पाच गोष्टी

मोठे उपाय सरकारने करायचे; त्यासाठी मागणी करत राहू. पण दसऱ्याच्या आत प्रत्येक कोयत्याला आपल्या हाताने करता येतील अशा पाच गोष्टी सांगतो.

पहिली, स्वतःची वही ठेवा. उचल किती, तारीख कोणती, रोज किती टन, खाडे किती, खर्चाला किती घेतले, हे रोज लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. वजनाच्या पावत्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन वह्या समोरासमोर आल्या, की हिशेब आपोआप सरळ होतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका.

दुसरी, बाईचे नाव हिशेबात आणा. बँकेत तिचे स्वतःचे खाते असू द्या आणि निम्मी मजुरी त्यात भरण्याचा आग्रह धरा. तिच्या नावावर पैसा असला, तर त्यातला मुलांच्या शिक्षणाला आणि औषधाला लागतो, हे घरोघर दिसून येते.

तिसरी, नोंद करा. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र मागा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे. त्याच्या योजना नोंद असेल तरच दाराशी येतात. अपघात झाला तर ओळखपत्राशिवाय तुम्ही कोण, हे सिद्ध करणेही जड जाते.

चौथी, मुले मागे ठेवायची सोय बघा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह मिळू शकते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत मागणी करावी लागते. गणपती बसण्याच्या सुमारासच मुख्याध्यापकांना भेटा, नावे द्या. मुलगी मोठी झाली म्हणून तिला फडात नेऊ नका, आणि फडात एकटी राहील या भीतीने तिचे लग्नही घाईने उरकू नका. अठराच्या आत लग्न झालेली मुलगी म्हणजे पुढच्या हंगामाचा आणखी एक कोयता, आणि तोही उचलीतला.

पाचवी, उचल खर्चाला पुरती घ्या, मानाला पुरती नको. लग्नातल्या मानपानाचे पन्नास हजार म्हणजे वरच्या हिशेबाने ६८ दिवसांची दोघांची तोड. मांडवात बसताना एवढा एक आकडा आठवला, तरी बऱ्याच पंगती आपोआप लहान होतील.

ज्यांना कोयत्याला जावे लागत नाही अशा वाचकांनाही एक सांगणे. तुमच्या शेतात खुरपणीला येणाऱ्या बाईचा रोज पुरुषाच्या रोजाशी ताडून पाहा. काम मोजून द्या आणि मोजून दाम द्या. गावातली मंडळी तोडीला गेली, की मागे म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. त्यांचे रेशन, त्यांचे औषध, त्यांची शाळा यांकडे लक्ष ठेवणे हे शेजाऱ्याचे काम आहे. ते करायला सरकारी हुकूम लागत नाही.

कारखान्याला पट्टा पडून मंडळी परत येतील तेव्हा चैत्र-वैशाखाचे ऊन तापलेले असेल. त्या वेळी ओसरीवर बसून नवरा-बायकोने दोघांनी मिळून वही उघडावी, टन मोजावेत, बाकी काढावी, आणि पुढच्या वर्षी किती उचल घ्यायची ते मुकादम येण्याच्या आधी आपसांत ठरवून टाकावे.